आईने खोळ टाकली

श्रीपाद मास्तरला देवांमधलं फार कळतं, असं कल्याणात कुणी म्हटलं की तो नुसता हसायचा, आणि त्या हसण्यात "छे हो" कमी आणि "कळतं खरं" जास्त असायचं. मुळात तो शाळेत चित्रकला शिकवणारा साधा मास्तर. पण जुनी लेणी धुंडाळत फिरणाऱ्या पुण्याच्या एका गोऱ्या साहेबाने त्याचा चित्रातला हात पाहिला आणि दिवा गावाजवळच्या डोंगरातल्या एका लेण्याची नक्कल उतरवायचं काम त्याच्याकडे दिलं. अठराशे ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतार, यापलीकडे गावात कुणाला काही ठाऊक नव्हतं. साहेबाने श्रीपादला बौद्धांच्या देवांची एक वहीच लिहून दिली होती. त्या वहीने त्याच्या डोक्यात वारं शिरलं.

जेवायला बसलं की तो बायकोला स्वर्ग सांगायचा. "सुमती, त्यांच्याकडे एक स्वर्ग नाही. खालपासून वर सहा मजले आहेत. तळाला चार महाराज, चार दिशांचे राखणदार. त्यांच्यावर तेहतीस देव, इंद्र त्यातलाच. मग याम, मग तुषित. पुढचा बुद्ध जन्माला यायच्या आधी त्या तुषितातच वाट पाहत असतो. त्याच्यावर निर्माणरती, म्हणजे हवं ते स्वतः निर्माण करून त्यात रमणारे. आणि सगळ्यांच्या वर परनिर्मितवशवर्ती."

"ते कोण आणखी?"

"दुसऱ्यांनी निर्माण केलेलं आयतं भोगणारे. कामनेच्या जगातले सगळ्यात थोर देव तेच."

सुमतीने त्याच्या पानात आमटी वाढली. "मग तो मजला मी रोज बघते," ती म्हणाली. श्रीपादला हसू आलं, पण वहीत तसं काही नसल्याने त्याने ते फार मनावर घेतलं नाही.

लेण्यात जायचं म्हणजे कल्याणच्या बंदरावरून ओहोटीबरोबर तानाजीच्या होडीतून खाडीने खाली जायचं आणि भरतीबरोबर परत यायचं. खाडीकाठी आगऱ्यांची वीस-पंचवीस घरं, पुढे मिठागरं, मागे डोंगर. डोंगराच्या अर्ध्यावर लेणं. आतल्या भिंतीवर खालून वर कोरलेल्या ओळी होत्या: बसलेले, उडणारे, हार घेतलेले, हात वर केलेले देव. श्रीपादने मोजल्या तर ओळी पाच. सहावी, अगदी तळाची, जिथे चार महाराज असायला हवे होते, तिथे शेंदराचा एक भलाथोरला गोळा होता. गावाची ती आई. कुणाच्या आजापणजापासून शेंदूर चढत चढत आतलं काय ते पार बुडालं होतं. नाक नाही, डोळे नाहीत, चांदीचे दोन टिकले तेवढे चिकटवलेले.

आईची पूजा ठमाबाईकडे होती. पाठीत वाकलेली, पण डोंगर चढताना श्रीपादला मागे टाकणारी म्हातारी. तिच्याबरोबर तिची सून गोदा पाण्याची कळशी घेऊन यायची. गोदा तिशीच्या आतबाहेरची, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, बोलणं थोडं. श्रीपाद चित्र काढत बसला की ती लांब उभी राहून बघायची.

"ठमाबाई," श्रीपादने एकदा गोडीगुलाबीने विचारलं, "हा शेंदूर जरा बाजूला केला तर? आत चार राजे आहेत बघ. मोठे देव. चित्र काढलं की पुन्हा होता तसा लावू."

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. "मास्तर, आईची खोल मानूस काढीत नाय. आईच टाकते. तिच्या मनात येल तवा." मग तिने सांगितलं, ती परकर नेसायच्या वयाची होती तेव्हा आईने एकदा खोळ टाकली होती. सकाळी सगळे वर आले तर शेंदराचं अख्खं कवच पायाशी गळून पडलेलं. त्या साली पटकी आली आणि गावातली सोळा माणसं गेली. "आई खोल टाकते ती कायतरी सांगाला टाकते," ती म्हणाली. खोळ वाजतगाजत खाडीत सोडतात, आणि आई जे सांगते ते ऐकावंच लागतं.

श्रीपादने मान डोलावली आणि मनात म्हणाला, अडाणी ते अडाणीच.

गोदा मात्र त्याच्या देवांबद्दल विचारायची. एकदा म्हणाली, "तुमचे या देवांना मरान हाय, मास्तर?"

"आहे ना. फार जगतात, पण मरतात. माणसांची पन्नास वर्षं म्हणजे तळाच्या देवांचा एक दिवस. तसली पाचशे वर्षं. मग एक दिवस गळ्यातली फुलं सुकतात. कपडे मळतात. काखेत घाम येतो. अंगाचं तेज जातं."

"आनी?"

"आणि शेवटी स्वतःच्या आसनावर बसायला मन घेत नाही. पाच खुणा. त्या दिसल्या की समजायचं, आता खाली पडणार."

"पन्नास वर्सांचा एक दिस," ती म्हणाली, "तर सात वर्सा म्हंजे सकालचे न्याहारीपरमान पन नाय." एवढं बोलून तिने कळशी उचलली. सात वर्षं कसली, हे श्रीपादने विचारलं नाही. त्याचं लक्ष तळाच्या ओळीकडे होतं.

कारण साहेबाचं पत्र आलं होतं. श्रीपादने उत्साहाच्या भरात आधीच कळवून टाकलं होतं की शेंदराखाली चार महाराज आहेत, सहाही स्वर्ग जुळतात. साहेब खूश होता. महिनाअखेर नक्कल पाठवा, छापायला द्यायची आहे. आणि चार महाराज नीट तपासून काढा, कारण सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी श्रीपादची गत झाली होती. पाहिल्याशिवाय लिहिलं होतं, आता पाहणं भाग होतं.

तो घरून तिळाचं तेल घेऊन निघाला. सुमतीला सांगितलं, डोंगर चढून गुडघे दुखतात. दोन दिवस, म्हातारी पूजा उरकून खाली गेली की, तो शेंदराच्या कडेने तेल मुरवत राहिला. तिसऱ्या दिवशी उधाणाच्या भरतीने मिठागराचा बांध फुटला. खालून हाकाटी ऐकू आली. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, सगळं गाव टोपल्या-फावडी घेऊन बांधाकडे धावलं. लेण्यात चिटपाखरू नव्हतं. श्रीपादने बांबूची चपटी कामटी कडेत घातली आणि हळूहळू फिरवली. बराच वेळ काही झालं नाही. मग आतून करकर असा आवाज आला आणि ती जाड, लाल, जुनी खोळ एकसंध त्याच्या दोन हातांत आली. मूल झेलावं तशी त्याने ती झेलली आणि खाली ठेवली.

आत चार महाराज नव्हते. एकही नव्हता. आत होती एक बाई. वीतदोन वीत उंचीची, गुडघे टेकून बसलेली, हात जोडलेले, मान वर करून त्या पाच ओळींकडे बघणारी. डोक्यामागे तेजोवलय नाही, हातात शस्त्र नाही. लेण्याला दान दिलेली कल्याणची कुणी व्यापाऱ्याची बायको असेल. म्हणजे देवांना हात जोडून बसलेल्या एका माणसालाच हे गाव पिढ्यान्‌पिढ्या हात जोडत आलं होतं. श्रीपादला आधी हसू येणार होतं, पण साहेबाला लिहिलेलं पत्र आठवलं आणि हसू तिथेच राहिलं.

तेवढ्यात पायरीवर धाप ऐकू आली. बांधावर आईचा अंगारा टाकायला म्हणून ठमाबाई तो न्यायला वर येत होती. कामटी लपवायला त्याला जेमतेम वेळ मिळाला. म्हातारी दारात आली आणि तिची नजर आधी उघड्या दगडावर आणि मग खाली पडलेल्या खोळीवर गेली.

त्या क्षणी काहीही बोलता आलं असतं. चूक झाली, असंही म्हणता आलं असतं. पण भित्या माणसाच्या तोंडात खोटं तयारच असतं.

"ठमाबाई," तो म्हणाला, "आईने खोळ टाकली. आपोआप. माझ्या डोळ्यांदेखत."

म्हातारीने दगडापुढे लोटांगण घातलं. मग उठली आणि श्रीपादला काही कळायच्या आत त्याच्याही पायांवर डोकं ठेवलं. ज्याच्या डोळ्यांपुढे आई मोकळी झाली तो पुण्यवान, असं ती पुटपुटत होती. तिचे अश्रू त्याच्या पावलांवर पडले. त्याने पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत, हे त्याला पुढे जन्मभर आठवत राहिलं.

तिच्यामागून गोदा आली, पिंडऱ्यांपर्यंत चिखल माखलेली. ती वाकली नाही. तिने खोळीपाशी बसून एका हाताने ती थोडी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि भिंतीला टेकली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. श्रीपादला वाटलं, भक्तीने.

मग ठमाबाईचा आवाज एकदम बदलला. "गोदे," ती म्हणाली, "म्हंजे माजा नाथा गेला गं."

आणि ती मोठ्याने रडायला लागली. रडता रडता जे बोलली त्यातून श्रीपादला सगळं कळलं. नाथा तिचा थोरला मुलगा, गोदाचा नवरा. सात वर्षांपूर्वी गलबतावर खलाशी म्हणून गेला तो गेलाच. ना माणूस आला, ना निरोप. पंच म्हणत होते, मेला असं धरा आणि गोदाने दीर राघोशी पाट लावून पुन्हा संसार मांडावा. राघोची बायको वारलेली, घरात दोन पोरं. गोदाला ते नको होतं. तिला वाटत होतं नवरा जिवंत आहे. तीन वर्षांपूर्वी तिने पंचांसमोर आईची शपथ घेतली: आई आपणहून खोळ टाकील तेव्हा नाथा गेला असं मी समजेन, तेव्हा बांगड्या फोडीन, तोवर मला कुणी काही बोलायचं नाही. देवीचा शब्द, पंच गप्प बसले. साठ वर्षांत न गळलेली खोळ आणखी साठ वर्षं गळणार नाही, एवढा हिशेब त्या शहाण्या बाईने मनात केला होता. त्या शेंदराआड तिने आपलं कुंकू राखलं होतं, आणि म्हातारीने आपला मुलगा.

श्रीपादने हे सगळं ऐकलं आणि चित्राचे कागद गोळा केले. भरती लागली होती. तो होडीत जाऊन बसला.

घरी त्याला जेवण गेलं नाही. पाटावर बसला आणि उठला. गोदाला सांगितलेली पाचवी खूण त्याला आठवली, पण देव पडतात ते पुण्य संपल्यावर, आणि याच्याजवळ पुण्य होतं कुठे संपायला? लाज म्हणजे नक्की काय असते ते त्याला चाळिसाव्या वर्षी कळत होतं. ती पोटात होती, कानांच्या पाळ्यांत होती, सुमतीने "बरं नाही का" विचारल्यावर "जरा ऊन लागलं" म्हणणाऱ्या जिभेवर होती. त्याने ठरवलं, परवा खोळ खाडीत सोडणार आहेत, त्याआधी जाऊन सांगायचं. मारतील तर मारतील. साहेब काढून टाकील तर टाकील.

तिसऱ्या दिवशी तो पोहोचला तेव्हा सगळं गाव काठावर जमलं होतं. ढोल वाजत होता. नव्या कोऱ्या सुपात खोळ ठेवली होती, त्यावर फुलं. मास्तर आले म्हणताच लोकांनी वाट करून दिली आणि त्याला पार पुढे नेलं. बायका त्याच्या पायांना हात लावू लागल्या. परशुराम पाटील, पंचांमधला वडीलधारा, हात वर करून ढोल थांबवत म्हणाला, "मास्तर, तुमी शिकलेले, तुमाला खोटा बोलाचा कारन नाय. आमच्या सुनेचा शबूद यावर हाय. तुमी काय बघितलाव ता सगल्यांसमोर सांगा."

त्याला विचारलं होतं. याहून सोपं कुणी काय करून देणार? समोर गोदा उभी होती, हात पुढे धरून, बांगड्यांसकट. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या शेजारी राघो, हातात नारळ फोडायचा कोयता. राघोच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तोही बिचारा ऐकायला उभा होता. पण श्रीपादने कोयता पाहिला. सभोवारची दीडशे माणसं पाहिली. आणि खरं सांगायचं तर कोयत्याहूनही त्याला भीती वाटली ती त्या माणसांच्या डोळ्यांतला आदर विझताना बघण्याची.

"आपोआप," तो म्हणाला. "मी लांब होतो. हात लावला नाही."

पाटलाने मान हलवली. ढोल पुन्हा सुरू झाला. ठमाबाईने स्वतः दगड घेतला आणि सुनेच्या बांगड्या फोडल्या. गोदा हात तसेच धरून उभी राहिली. हिरव्या काचा चिखलात पडल्या आणि पोरंटोरं पायांत रुतू नयेत म्हणून एक बाई त्या वेचायला बसली.

दुपारी ओहोटीत तळ उघडा पडलेला, होडी काठाला टेकलेली. तानाजी लांबवर विडी ओढत पाणी चढायची वाट बघत होता. श्रीपाद होडीत एकटा बसला होता. गोदा आली, मोकळ्या हातांनी. मनगटावर दोन-तीन ओरखडे होते. प्रसादाची वाटी तिने फळीवर ठेवली.

"मास्तर," ती खालच्या आवाजात म्हणाली, "आमी आईचा शेंदूर खोबरेलान कालवतंव. तिलाचा तेल या गावान कोनाकरं नाय."

श्रीपादला वर बघवेना.

"खोल उचलली तवाच वास आला मना."

"मग तू... तू बोलली का नाहीस?"

"माजा कोन ऐकला असता? पाट नको म्हनून बाई कायपन बोलते, असाच बोलले असते. आनी तुमाला तितंच मारला असता." ती थांबली. "तुमी बोलाल म्हनून मी गप रायली. तीन दिस वाट बघितली. आज पाटलान इचारलान, तवा मना वाटला, आता बोलतील."

तो उठला. "मी आत्ता जातो. आत्ता सगळ्यांना सांगतो. पाया पडून सांगतो."

"नको." तिने हात आडवा धरला. "म्हातारी तीन दिस रडत व्हती. सात वर्सात पयल्यांदा आज पोराच्या नावान पानी सोडलान आनी निजली. आता तिला उठवून सांगाल, ता सगला खोटा, पोरगा असल पन आनी नसल पन? परत दाराकरं बघत बसल ती. तुमचा मन हलका व्हईल, मास्तर. तिचा काय व्हईल?"

बोलायची वेळ होती तेव्हा तो गप्प बसला होता, आणि आता बोलायचा हक्कही राहिला नव्हता. गोदाने वाटी रिकामी करून मागितली. त्याने प्रसाद ओंजळीत घेतला आणि वाटी परत दिली. ती चढण चढून गेली. चिखलात पाय रुतावेत तसा तो भरती येईपर्यंत तिथेच उभा राहिला.

एक गोष्ट मात्र त्याने नीट केली. तळाच्या ओळीत त्याने चार महाराज काढले नाहीत. गुडघे टेकलेली बाई जशी होती तशी काढली, फुटक्या नाकासकट, आणि साहेबाला लिहिलं की माझा अंदाज चुकला; सहा स्वर्ग जुळत नाहीत. एवढं तरी खरं बोलू, असं त्याला वाटलं. शेंदूर कसा निघाला याबद्दल मात्र त्याने तेच लिहिलं जे गावात सांगितलं होतं. दुसरं काय लिहिणार?

पाटाची तारीख ठरल्याचं तानाजीकडून कळलं, नंतर पाट लागल्याचंही. श्रीपाद पुन्हा तिकडे गेला नाही. शाळेत मुलांना पेरू आणि आंबे काढायला शिकवत राहिला. देवांबद्दल कुणी विचारलं तर मला काही कळत नाही म्हणायचा, आणि लोक त्याला विनय समजायचे.

पावसाळा संपता संपता साहेबाचं पत्र आलं, सोबत छापलेली चित्रं. इंग्रजी सुमतीला येत नव्हतं, म्हणून ती दाराशी भाजी निवडत बसली आणि तो मराठीत करून सांगू लागला. साहेबाला राग आला नव्हता. उलट त्याने लिहिलं होतं: स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा पुरावा जो लपवत नाही असा माणूस मला या देशात आणि माझ्या देशातही क्वचितच भेटला. आणि चित्राखाली छापलं होतं: 'शेंदराचा थर आपोआप गळून पडला, याला स्वतः चित्रकार साक्षी आहे, व त्याच्या सत्यनिष्ठेविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही.'

ते वाक्य त्याला गाळता आलं असतं. तिला कळलंही नसतं. पण समोर होतं तसं त्याने ते वाचलं, आणि वाचून झाल्यावर वाट बघत राहिला, की आता तरी कुणीतरी, निदान ही तरी, विचारील.

सुमतीचे हात भाजीत थांबले होते. तिचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत तिने नवऱ्याची थट्टाच जास्त केली होती.

"ते शेवटचं," ती म्हणाली, "पुन्हा एकदा वाचा ना."

आणि त्याने ते पुन्हा वाचलं.